टंबलरची मोटर: वेग पुलीने बसवा, रेग्युलेटरने नव्हे

टंबलरचा, म्हणजे फिरत्या ड्रममध्ये दगड घासायच्या यंत्राचा, सांगाडा, रोलर आणि ड्रम जमवायला फारसं डोकं लागत नाही. गाडं अडतं ते मोटरपाशी. अडगळीतली कुठली तरी मोटर उचलायची, वेग जास्त निघाला की पुढे रेग्युलेटर लावून तो खाली आणायचा, हा बहुतेकांचा पहिला विचार. घोळ तिथेच होतो. रेग्युलेटरने वेग उतरतो, पण मोटरचा जोर आणि तिची थंड राहण्याची सोयही त्याबरोबर उतरते. म्हणून वेग आधी गिअर आणि पुलीने बसवायचा आणि रेग्युलेटरला शेवटचा पाचवा हिस्सा सोडायचा, हे धरूनच खालची सगळी निवड केली.

ड्रम १६० मिमी बाहेरच्या व्यासाच्या पीव्हीसी पाइपचा, आतून पातळ रबराचं अस्तर. हिशेबाला आतला व्यास १५० मिमी आणि लांबी २०० मिमी धरली, म्हणजे साडेतीन लिटर जागा. तो दोन रोलरवर टेकतो. रोलर म्हणजे १२ मिमीच्या सळईवर एकात एक घातलेल्या दोन रबरी नळ्या, बाहेरचा व्यास ३० मिमी. दोन सळयांच्या मध्यांमधलं अंतर ९५ मिमी, म्हणजे ड्रमच्या मध्यापासून पाहिलं तर रोलरमध्ये साधारण ६० अंशांचा कोन पडतो. रोलर याहून लांब नेले तर ड्रम पाचरीसारखा रुतून बसतो आणि मोटरवर ओझं वाढतं. जवळ आणले तर जरा धक्का लागताच ड्रम बाहेर लवंडतो.

पहिला प्रश्न मोटरचा नाही, ड्रमच्या वेगाचा आहे. एका ठरावीक वेगापुढे माल भिंतीला चिकटून ड्रमबरोबर गोल फिरत राहतो, खाली पडतच नाही. हा वेग काढायला सोपं सूत्र आहे: आतला व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा आणि ४२.३ ला त्याने भागा. ०.१५ चं वर्गमूळ ०.३८७, उत्तर मिनिटाला १०९ फेरे. दगड घासायला याच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास राहायचं, म्हणजे ४५ फेरे. शेवटच्या पॉलिशला ३० पुरतात, कारण तेव्हा दगड एकमेकांवर आदळायला नकोत, नुसते घसरायला हवेत. गोळे घालून दळण करणाऱ्या बॉल मिलला ६५ ते ७५ टक्के सांगतात, ते आकडे इथे उचलू नयेत. तिथे आदळणंच हवं असतं.

वेग बरोबर आहे की नाही हे कानाला कळतं. सतत ‘सर्र सर्र’ असा वाळू घसरल्यासारखा आवाज हवा. ‘धप्प धप्प’ ऐकू आलं तर माल वरून खाली कोसळतोय. मग आठवड्याने दगड धुतले की कडांवर नखाएवढ्या चंद्रकोरीसारख्या चिरा दिसतात आणि त्या घालवायला पुन्हा जाड ग्रिटपासून (ग्रिट म्हणजे दगड घासायची कणीदार भुकटी) सुरुवात करावी लागते. उलट फारच हळू फिरवलं तर सगळा माल एक गठ्ठा होऊन भिंतीवर मागेपुढे डोलतो, दगड दगडावर फिरतच नाही.

ड्रमचा व्यास १६० आणि रोलरचा ३०, म्हणजे गुणोत्तर ५.३३. ड्रमला ४५ फेरे हवेत तर रोलरला २४०, आणि ३० हवेत तर १६०. मोटर शोधायची ती या दोन आकड्यांसाठी. इथे वायपर मोटरवाले हमखास फसतात. वायपर मोटर साधारण ४५ आणि ६५ अशा दोन वेगांची असते. ड्रमलाही ४५ च हवेत म्हणून ती चपखल वाटते. पण ती रोलरला जोडली की ड्रम मिनिटाला आठ-नऊच फेरे घेतो. उलटी पुली लावून वेग पाचपट वाढवता येतो, पण मग मोटरच्या आतल्या गिअरने वेग कमी करायचा आणि बाहेरच्या पट्ट्याने परत वाढवायचा, असा द्राविडी प्राणायाम होतो. दोन्हीकडे नुकसान होतं ते वेगळंच. शिवाय अनेक वायपर मोटरींत एक तार थेट बॉडीला जोडलेली असते, त्यामुळे लोखंडी सांगाड्यावर ती बसवली की पूर्ण सांगाडाच सर्किटचा भाग होतो.

आता जोर किती लागतो ते. हे अंदाजाने ठरवण्यापेक्षा मोजलेलं बरं, आणि मोजायला सामानाचं वजन करायचा हुकाचा काटा पुरतो. ड्रममध्ये दगड, पाणी, ग्रिट सगळं भरायचं, मोटरचा पट्टा काढून ठेवायचा, ड्रमभोवती दोरीचे तीन वेढे द्यायचे आणि काट्याच्या हुकाने दोरी आडवी, एकसारखी ओढायची. ड्रम फिरत असताना काट्यावर १.२ किलो आले. रात्रभर थांबवून गाळ तळाशी बसू दिला आणि सकाळी ओढलं तर ड्रम हलायच्या क्षणी १.९ किलो. ड्रमची त्रिज्या ८ सेंमी, म्हणजे चालताना ०.९४ आणि सुरू होताना १.५ न्यूटन-मीटर. रोलरवर येताना याला ५.३३ ने भागायचं आणि पट्ट्याचं नुकसान म्हणून वीस टक्के बाजूला ठेवायचे. उत्तर: चालताना ०.२२ आणि सुरू होताना ०.३५ न्यूटन-मीटर. मोटरींच्या माहितीत बऱ्याचदा किलो-सेंमी लिहितात. एक न्यूटन-मीटर म्हणजे १०.२ किलो-सेंमी, तेव्हा हे झाले साधारण २.२ आणि ३.६.

मोटरने द्यायची ताकद यावरून साडेपाच वॅट निघते. एवढ्या वजनदार ड्रमला एवढंच? हो, एवढंच. वजन रोलर पेलतात. मोटरला फक्त एका बाजूला चढलेला माल तसाच चढता ठेवायचा असतो.

आणखी एक गोष्ट हिशेबात दिसली, जी सहसा लक्षात येत नाही. ड्रम ७० टक्के भरला तर माल पाच किलो भरतो, पण त्याचा गुरुत्वमध्य ड्रमच्या अक्षापासून १९ मिमीवरच असतो. अर्धाच भरला तर माल साडेतीन किलो, पण गुरुत्वमध्य ३२ मिमीवर जातो. मालाचा उतार चाळीस अंश धरला तर पहिल्याला ०.६ न्यूटन-मीटर लागतात, दुसऱ्याला ०.७. म्हणजे कमी भरलेला ड्रम मोटरला जास्त जड जातो. मोटर तापतेय म्हणून चार दगड काढून टाकणं हा उपाय नव्हे. अर्धा भरलेल्या ड्रममध्ये दगड आपटतातही जास्त.

मोटरवर लिहिलेला टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, नेहमी नीट वाचावा. ‘स्टॉल टॉर्क’ लिहिला असेल तर तो मोटर अडकून उभी राहिल्यावरचा आकडा. त्या जोरावर ती काही सेकंदांत जळू लागते. दिवसरात्र चालवायचं तर त्याचा चौथा हिस्सा आपला. ‘रेटेड’ लिहिलेला आकडा तेवढा खरा धरायचा, आणि तोही मोजलेल्या गरजेच्या दुप्पट तरी हवा.

हे सगळं हातात आल्यावर एकेक मोटर बाद होत गेली. टेबल फॅनची मोटर सगळ्यात आधी सुचते. फिरत असलेला ड्रम ती फिरवते, पण थांबलेला उचलत नाही, कारण पंख्याला सुरुवातीला जोर लागतच नाही आणि मोटर तशीच बनवलेली असते. ती पात्याच्या वाऱ्यावर थंड राहते, पातं काढलं की तापते. वर पंख्याचा रेग्युलेटर लावला तर आगीतून फुफाट्यात. पंख्याची मोटर इंडक्शन जातीची, आणि तिचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेला असतो. रेग्युलेटर फक्त व्होल्टेज कमी करतो आणि जोर व्होल्टेजच्या वर्गाने पडतो. व्होल्टेज निम्मं केलं की जोर पाव उरतो. वेग उतरल्यासारखा दिसतो तो मोटर दमल्यामुळे, आणि ती सगळी दमछाक वाइंडिंगमध्ये, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीत, उष्णता होऊन साठते.

शिलाई मशीनची आणि मिक्सरची मोटर युनिव्हर्सल जातीची. त्यांचा वेग हजारांत, कार्बन (फिरत्या भागाला वीज पोचवणारे ठोकळे) घासणारे, आवाज कानठळ्या बसवणारा आणि काम मिनिटांच्या हिशेबाचं. ओझं कमी झालं की त्या सुसाट सुटतात, वाढलं की बसतात. मायक्रोवेव्हच्या तबकडीची मोटर गिअरसकट मिळते, पण तीन-चार वॅटची, आणि सुरू होताना कुठल्याही बाजूला फिरते. वॉशिंग मशीनची मोटर खरोखर चालते, मात्र ठरलेल्या वेगालाच, दोन टप्प्यांच्या पुलीवर. वीस-पंचवीस किलोच्या ड्रमला ती योग्य. त्याहून मोठ्या कामाला थ्री-फेज मोटर आणि व्हीएफडी, म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी बदलून वेग बदलणारा डबा. पाच किलोच्या मालाला ते म्हणजे नाकापेक्षा मोती जड. एक इशारा मात्र देऊन ठेवतो: कपॅसिटरवाली सिंगल-फेज मोटर साध्या व्हीएफडीला जोडू नये. आणि स्वतःच्या पंख्याने थंड होणारी मोटर २५ हर्ट्‌झच्या खाली फार वेळ चालवली तर पंखाही हळू होतो आणि वाइंडिंग भाजतं.

शेवटी उरल्या दोन. एक २४ व्होल्टची, ३० वॅट रेटेड, ३०० फेऱ्यांची कार्बनवाली डीसी गिअर मोटर. दुसरी त्याच मापाची बीएलडीसी, म्हणजे कार्बन नसलेली, गिअर मोटर. ३० वॅटला ३०० फेऱ्यांवर रेटेड टॉर्क ०.९५ न्यूटन-मीटर पडतो, म्हणजे चालत्या गरजेच्या चौपट आणि सुरुवातीच्या गरजेच्या अडीचपटीहून जास्त. फरक आयुष्यात आहे. जाड ग्रिट, मधलं, बारीक आणि पॉलिश असे चार टप्पे प्रत्येकी आठवडाभर चालले तर एका घाण्याला २८ दिवस, म्हणजे ६७२ तास लागतात. साध्या गिअर मोटरचे कार्बन हजार-दोन हजार तासांत संपतात. दोन-तीन घाण्यांत कार्बन! वर्षभर टंबलर चालवणाऱ्याने बीएलडीसीच घ्यावी. तिच्यात वेग स्वतःच सांभाळणारं सर्किट असतं, बाहेर फक्त वेगाच्या तारेवर लहानसं व्होल्टेज द्यायचं. इथे डीसी घेतली, कारण कार्बन बाहेरून झाकण उघडून बदलता येतात अशी ती होती. ज्या मोटरचं मागचं झाकण पंच मारून बंद केलेलं असतं, ती या कामाला घेऊ नये.

आता रेग्युलेटर. डीसीला पीडब्ल्यूएम लावायचा. तो व्होल्टेज कमी करत नाही, पूर्ण व्होल्टेज फार वेगाने चालू-बंद करतो. हे चालू-बंद सेकंदाला १५ ते २० हजार वेळा होत असेल तर आवाज येत नाही. एक-दोन हजार असेल तर मोटर डासासारखी गुणगुणते आणि रात्री झोप लागत नाही. मॉड्यूलवर लिहिलेल्या अँपिअरचा निम्माच आकडा खरा धरावा.

इथे एक माप घ्यावंच लागतं: वाइंडिंगचा रेझिस्टन्स. मल्टिमीटर मोटरच्या दोन टोकांना लावून शाफ्ट थोडा थोडा फिरवायचा, सात-आठ वेळा वाचायचं आणि सर्वांत कमी आकडा घ्यायचा, कारण कार्बनखालचा संपर्क दर वेळी वेगळा असतो. या मोटरला २.२ ओम आले. म्हणजे उभी मोटर २४ व्होल्टवर जवळपास ११ अँपिअर खेचणार, आणि चालती मोटर मात्र ०.६. याच आकड्यावरून रेग्युलेटर खोलवर का फिरवू नये तेही कळतं. ०.६ अँपिअरला वाइंडिंगमध्ये १.३ व्होल्ट खर्च होतात. २४ पैकी १.३ गेले तर वेग पाचेक टक्के पडतो. तीच मोटर ६ व्होल्टवर रांगत ठेवली तर १.३ व्होल्ट म्हणजे वीस टक्क्यांहून जास्त. गाळ जरा घट्ट झाला, ओझं दुप्पट झालं, की ड्रम रखडतो. ८० टक्क्यांवर चालवलेल्या मोटरचा वेग तेवढ्या ओझ्याने जेमतेम बदलतो.

म्हणून मोटर आणि रोलर दोन्हींवर सारख्या, ३० दात्यांच्या पुल्या. पूर्ण वेगाला रोलर ३०० आणि ड्रम ५६, तर ८० टक्क्यांना रोलर २४० आणि ड्रम ४५. पॉलिशला रेग्युलेटर हलवायचाच नाही. मोटरवरची पुली काढून २० दात्यांची चढवायची आणि पट्टा ताणून घ्यायचा. २४० चे थेट १६० होतात आणि ड्रम ३० वर येतो. या मांडणीचा आणखी एक फायदा आहे. पीडब्ल्यूएममधला चालू-बंद करणारा भाग, मॉस्फेट, जळतो तेव्हा तो बहुतेकदा शॉर्ट होऊन जळतो, आणि मोटर पूर्ण वेगाने पळू लागते. इथे पूर्ण वेग म्हणजे ड्रमला ५६. दगड थोडे आपटतील, इतकंच. रोलरवर हजार फेऱ्यांची मोटर लावून ती रेग्युलेटरने पाव वेगावर आणली असती, तर हाच बिघाड मध्यरात्री ड्रमला उडवून लावतो.

जोडल्यावर पहिला अडथळा वीजपुरवठ्याचा आला. २४ व्होल्ट, ५ अँपिअरचा एसएमपीएस, म्हणजे घरच्या विजेचे २४ व्होल्ट डीसी करणारा डबा. नॉब शून्यावरून हळू वर नेला की सगळं सुरळीत. पण वीज जाऊन परत आली आणि नॉब ८० टक्क्यांवरच असला की ड्रम नुसते हिसके देतो, फिरत नाही. मोटर आठ-नऊ अँपिअर मागते, एसएमपीएस घाबरून बंद होतो, सेकंदाने परत प्रयत्न करतो, परत बंद होतो. तोवर गाळ तळाशी बसतो आणि काम आणखी अवघड होतं. मोठा एसएमपीएस लावणं हा सोपा पण वाईट उपाय, कारण मग ड्रम खरंच अडकला तर तो खुशाल वाइंडिंग जाळत बसतो. शून्यापासून दोन-तीन सेकंदांत चढणारं सॉफ्ट-स्टार्टचं मॉड्यूल घेतलं आणि मोटरच्या तारेत ३ अँपिअरचा स्लो-ब्लो (क्षणिक झटका सोसणारा) फ्यूज घातला. हळू चढत्या व्होल्टेजला ड्रम एक अँपिअरच्या आसपासच हलतो, फ्यूज टिकतो. अडकला तर मोटर आठ-नऊ अँपिअर मागते, आणि फ्यूज उडतो किंवा एसएमपीएस बंद होतो.

नॉबचंही तसंच. ग्रिटची बारीक धूळ आत गेली की वेग उड्या मारतो. त्या जागी झाकणाच्या आत एक ट्रिमर (पेचकसाने फिरवायचा छोटा नॉब) बसवला, एकदा जुळवला आणि त्यावर नेलपॉलिशचा थेंब टाकला. बाहेर फिरवायला काही नाहीच.

पट्टा म्हणून व्ही-बेल्ट घेऊ नये. लहान पुलीभोवती तो वळताना इतका अडतो की आपल्या साडेपाच वॅटांतले एक-दोन तोच खातो. दातेरी पट्टा चालतो, गोल पॉलियुरेथेनचाही चालतो. गोल पट्टा ड्रम अडकल्यावर घसरतो आणि मोटर वाचवतो, दातेरी घसरत नाही, म्हणून फ्यूज आणखी महत्त्वाचा. ताण इतकाच की मधोमध बोटाने दाबलं तर पट्टा सहज अर्धा सेंटिमीटर आत जावा. जास्त ताणला की गिअरबॉक्सचा बुश एका बाजूने अंडाकृती झिजतो आणि काही आठवड्यांनी गिअर खडखडू लागतो. पुली गिअरबॉक्सला जितकी खेटून बसेल तितकी बरी. ग्रब स्क्रू (पुली शाफ्टला धरून ठेवणारा बारीक स्क्रू) शाफ्टच्या सपाट बाजूवरच आला पाहिजे आणि त्याला थ्रेड-लॉक, म्हणजे स्क्रू सुटू न देणारा डिंक, हवा. न लावल्यास तो चार-पाच दिवसांत सुटतो: मोटर फिरते, पुली जागेवर.

वेग मोजायला ड्रमवर पांढऱ्या टेपचा तुकडा, अर्धं मिनिट मोजणी, गुणिले दोन. हिशेबात ४५ होते, प्रत्यक्षात ४३ आले. रबर वजनाखाली दबतं, रोलरचा खरा व्यास थोडा कमी होतो, शिवाय थोडी घसर असते. ट्रिमर किंचित वर. पण दुसऱ्या दिवशी ३५ भरले तर ट्रिमरला हात लावायचा नाही. झाकणातून गाळ पाझरून रोलर निसरडे झालेले असतात. रोलर फिरतात, ड्रम त्यावर तरंगत राहतो आणि मधला ग्रिट रबर खातो. ड्रम उचलून दोन्ही पुसायचे, झाकणाचं रबर बदलायचं.

मोटर खोक्यात बंद करायचा मोह आवाजामुळे होतो. बंद खोक्यात तासाभराने तिच्यावर हात पाच सेकंदही ठेववेना. खोक्याला खाली एक आणि वर एक भोक, वरच्याला १२ व्होल्टचा लहान पंखा, मग हात आरामात टिकला. आत जाणारी हवा ड्रमच्या विरुद्ध बाजूने घ्यायची, नाहीतर पंखाच ग्रिटची धूळ मोटरला भरवतो. मोटर ड्रमच्या तळापेक्षा वर, एसएमपीएस त्याहून वर भिंतीवर, त्याची बॉडी अर्थिंगला आणि लाइन आरसीसीबीवरून, म्हणजे वीज गळली की ती तोडणाऱ्या स्विचवरून. पाण्याजवळ फक्त २४ व्होल्ट जातात.

मोटरच्या तारेत एक स्वस्तातला अँपिअर-मीटर कायमचा ठेवला, आणि टंबलरची नाडी त्यावरच कळते. ०.६ नेहमीचे. चार-पाच दिवसांत हळूहळू ०.८ झाले तर गाळ घट्ट झालाय, अर्धा कप पाणी हवं, किंवा रोलरच्या बेअरिंगमध्ये ग्रिट शिरलंय. पट्टा काढून रोलर हाताने फिरवला की दोन्हींतलं कुठलं ते कळतं. ०.४ वर उतरले तर आनंद मानू नये. ड्रम घसरतोय किंवा माल भिंतीला चिकटून एकत्र फिरतोय. काटा क्षणाक्षणाला थरथरायला लागला तर कार्बन बघायची वेळ झाली. आमच्याकडे ती दुसरा घाणा संपत आला तेव्हा आली: मूळ ११ मिमीचे कार्बन ५ वर आले होते आणि कम्युटेटरच्या (कार्बन ज्यावर घासतात त्या फिरत्या भागाच्या) खाचांत काळी भुकटी दाबून बसली होती. भुकटी लाकडी दातकोरणीने काढली, कम्युटेटर स्पिरिटच्या फडक्याने पुसला, नवे कार्बन घातले आणि ड्रम न भरता तासभर कमी वेगात फिरवले. काटा परत ०.६ वर स्थिर झाला.